पिशवीवरची खोली

चि. सायली,


मड लॉगिंगची, म्हणजे तेलविहिरीतून वर येणारा खडकाचा चुरा तपासायची, नोकरी पक्की झाल्याचं ताईनं कळवलं. पहिलंच पोस्टिंग समुद्रातल्या मुंबई हायला, म्हणजे हेलिकॉप्टर आणि बारा तासांची पाळी. त्याची काळजी तू करू नकोस, ताई करतेच आहे. मी कामाचं सांगतो.

खोदणारं बिट 1300 मीटरवर आहे म्हणून शेकरच्या चाळणीवर आत्ता पडलेला चुरा 1300 चा नसतो. चिखलाबरोबर वर यायला त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर बिट कितीतरी खाली गेलेलं असतं. हा लॅग पंपाच्या स्ट्रोकवर मोज, घड्याळावर नको. पंप थांबला तरी घड्याळ चालूच राहतं. नुसत्या गणितावरही विसंबू नकोस. भोक मध्येच ढासळून रुंद झालं असेल तर ते चुकतं. पाइपात कार्बाइड टाक, त्याचा वायू किती स्ट्रोकनं वर येतो ते बघ आणि खाली जायचे स्ट्रोक वजा कर.

1974 साली 'सागर सम्राट' रिगला मुंबई हायवर तेल लागलं ते चुनखडीत. अतिनील दिव्याखाली तेलासारखीच चुनखडीही चमकते आणि नवी मुलं हरखून जातात. चमकणारा कण वेगळा काढून त्यावर सॉल्व्हंट सोड. तेल असेल तर चमक द्रावात उतरते, खनिजाची कणातच राहते. पाइपाच्या आट्यांना लावलेलं ग्रीसही चमकतं बरं का! मोठे, बाकदार तुकडे दिसले तर ते वरच्या भिंतीतून ढासळलेले समज. नमुन्यातल्या खडकांच्या टक्केवारीत धरू नकोस, पण जिऑलॉजिस्टच्या कानावर लगेच घाल. खडकातला दाब वाढत असल्याची ती खूण असू शकते.

पहाटे तीनला, भर पावसात, एखादा नमुना हुकेल. एकाच ढिगातून दोन पिशव्या भरून वेगवेगळी खोली टाकणारे महाभाग मी पाहिलेत. तू सरळ 'नमुना नाही' असं लिही. शिव्या पडतील, पडू देत. कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल, महाग; तो मोजक्याच ठिकाणी काढतात. बाकी सगळ्या विहिरीचा प्रत्यक्ष हाताळता येणारा खडक म्हणजे तुझ्या या पिशव्या. विहिरीला आतून आधार देणारं पोलादी केसिंग कुठं बसवायचं हे ठरवताना त्यांवरचे आकडे बघतात. खोटा आकडा पुढं कोणाला ओळखूही येत नाही.

दहापट मोठं दाखवणारं भिंग स्वतःचं घे, युनिटमधलं हमखास ओरखडलेलं असतं. आणि पोचलीस की आधी ताईला फोन कर, मला नंतर.

तुझा,
मामा