गाडीच्या नाकातली वेसण

कॅनडातल्या एडमंटनमध्ये जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्या पुढच्या जाळीतून वीतभर काळी वायर लोंबत होती. टोकाला तीन पिनांचा प्लग, त्यावर रबरी टोपी. कासरा सोडून घेतलेल्या बैलाच्या नाकात नुसती वेसण राहावी, तशी. विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘ब्लॉक हीटर. चालतो.’ आणि पुढच्या कागदावर सही मागितली.

‘चालतो’ या एका शब्दाच्या भरवशावर प्रस्तुत लेखकाने अख्खा हिवाळा काढायचं ठरवलं. (‘प्रस्तुत लेखक’ म्हटलं की गाढवपणा जरा दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. वाचकांनी एवढी सवलत द्यावी.)

लेखक मूळचा नाशिकचा. थंडी म्हणजे निफाड, हे त्याचं माप. निफाडचा पारा चार अंशांवर आला की पेपरात चौकट येते आणि द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. वेलींना ऊब देतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. गाडीलाही ऊब द्यावी लागते, हे कळायला भोगीचा दिवस उजाडावा लागला. त्या सकाळी पारा उणे ३४ होता. बायको तिळगुळाचा डबा घेऊन दारात उभी, कार्यक्रमाला पाऊण तास उरलेला आणि इंजिन दोनदा कण्हून गप्प. आदल्या रात्री प्लग लावलेला होता, तेव्हा गाडी सुरू व्हायलाच हवी, अशा हट्टाने लेखक चावी फिरवत राहिला. सातव्या-आठव्या खेपेला नुसतं ‘टक्’ झालं आणि डॅशबोर्डावरचे दिवेही मालवले.

समोरच्या घरातून अकोल्याचे काका आले. त्यांचे इथले वीसेक हिवाळे झालेले. ‘काऊन रे, कायले मारतं तिले? मेली ना बॅटरी!’ एवढं बोलून ते परत गेले आणि मल्टिमीटर घेऊन आले. गाडीच्या प्लगच्या दोन चपट्या पिनांना टोकं लावली. मीटरवर आकडाच उमटेना. ‘हीटर मेला हाये याचा. कवाचा मेला, देव जाणे.’ मग त्यांनी लेखकाची एक्स्टेन्शन वायर उचलली. आकाशकंदिलाला लावतो तसली, घरातली. थंडीने ती काठीसारखी ताठ झाली होती. काकांनी वाकवली तशी तिची साल तडकली आणि आतलं तांबं दिसलं. हीटर मेलेला होता म्हणून रात्रभर त्या वायरमधून वीज वाहिली नाही, एवढंच लेखकाचं पुण्य.

गोम इथे आहे. हा हीटर मुका असतो. त्याला दिवा नाही, काटा नाही, डॅशबोर्डावर खूण नाही. तो मेला तरी प्लग सॉकेटमध्ये तसाच बसतो आणि माणूस निर्धास्त झोपतो.

उणे ३० ला इंजिनावर दोन्हीकडून मार बसतो. ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. आणि नेमकी तेव्हाच शिसे-आम्लाची बॅटरी आपली निम्मी ताकद गमावून बसलेली असते. ऑइलच्या डब्यावरच्या ‘०डब्ल्यू-२०’, ‘५डब्ल्यू-३०’ या अक्षरांतला डब्ल्यू हिवाळ्याचा आहे, हे भारतात गाडी चालवताना कधी कानावर आलं नव्हतं. थंडीत इंजिन फिरण्याची चाचणी ५डब्ल्यू ऑइलसाठी उणे ३० ला घेतात, ०डब्ल्यूसाठी उणे ३५ ला. बॅटरीवरचा ‘सीसीए’चा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवण्याच्या ताकदीचा, आकडाही उणे १८ अंशांवर मोजलेला असतो, त्याच्या खाली काय होईल याची हमी तो देत नाही. शिवाय पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याच्या थोडंच खाली गोठते, भरलेली मात्र उणे ५० लाही तग धरते. म्हणून बॅटरी रात्रभर उतरलेली राहिली असेल, तर जंपर केबल लावण्याआधी तिचं पोट फुगलंय का, हे बघायचं. गोठलेल्या बॅटरीला जंप दिला तर ती फुटू शकते.

यावरचा तोडगा निघाला तो अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात. तिथले अँड्र्यू फ्रीमन यांना ८ नोव्हेंबर १९४९ रोजी या हीटरचं पेटंट मिळालं. इंजिनाच्या डोक्यावरचा एक बोल्ट काढून त्या जागी गरम होणारा पोकळ बोल्ट बसवायचा, अशी त्यांची युक्ती होती. आताचा हीटर इंजिनाच्या पोटात, कूलंटमध्ये बुडलेला असतो. इंजिनाचा ठोकळा ओतताना साच्यातली वाळू काढायला भोकं ठेवतात आणि ती नंतर पत्र्याच्या वाटीसारख्या बुचांनी बंद करतात. त्यांतलं एक बूच काढून तिथे हीटर बसतो. गीझरमधल्या कॉइलचा धाकटा भाऊ समजा. साध्या गाडीत तो बहुधा ४०० वॅटचा असतो, मोठ्या डिझेल ट्रकमध्ये हजारापुढचाही. रेडिएटरच्या खालच्या नळीत बसणारे आणि ऑइलच्या टाकीला बाहेरून चिकटवायचे हीटरही मिळतात. भोकाची जागा हाताशी येत नसेल, तर त्यांवर भागवावं लागतं. डिझेलवाल्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं. डिझेलमधलं मेण टाकीतच गोठतं, तिथवर ब्लॉक हीटरची ऊब पोचत नाही. त्याला हिवाळी डिझेलच लागतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी तसं डिझेल काढलं, ते याच कारणाने.

नवा हीटर घेताना लेखकाने दुसरी चूक केली. ‘सर्व गाड्यांना बसतो’ असं लिहिलेला स्वस्तातला हीटर मागवला. तो त्याच्या गाडीला बसला नाही. भोकाच्या व्यासात एखाद्या मिलिमीटरचा फरक निघाला. परत पाठवण्यात पंधरा दिवस गेले आणि त्या पंधरवड्यात ऑफिसला जाणं काकांच्या गाडीतून. हीटर घ्यायचा तो गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिनाचा आकार सांगून, पार्ट नंबर जुळवूनच.

बसवण्याचं काम गॅरेजला दिलं आणि लेखक तिथेच उभा राहिला. काम तासा-दीड तासाचं, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी इंजिन थंड होऊ द्यायचं, मग कूलंट काढायचं, मग बूच. भोकाची कड घासून साफ करायची, हीटरच्या रबरी रिंगला ग्रीस लावायचं आणि कॉइल आतल्या भिंतीला टेकत नाही हे पाहून स्क्रू आवळायचा. पुन्हा कूलंट भरून इंजिन चालू ठेवायचं आणि आतली हवा पूर्ण निघू द्यायची. हीटरला वीज द्यायची ती त्यानंतरच. कोरड्यात किंवा हवेच्या बुडबुड्यात कॉइल पेटली, तर नवाकोरा हीटर काही क्षणांत जळतो. पाणी नसताना गीझर लावण्यासारखंच. वायर सायलेन्सरच्या तापणाऱ्या नळीपासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब बांधलेली हवी. तिसऱ्या दिवशी गाडीखालच्या बर्फावर हिरवे थेंब दिसले. रिंग पिळली गेली होती. पुन्हा गॅरेज, पुन्हा तेच काम. बरं, पैसे तरी घेतले नाहीत. ते हिरवं पाणी गोडसर असतं आणि विषारी. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल, तर गाडीखाली वाकून बघण्याचा आळस नको.

कूलंटचीही एक गंमत आहे. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण, असं वाटून लेखक पाणी न मिसळता ते ओतायला निघाला होता. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं! निम्मं पाणी मिसळलं की ते उणे ३७ पर्यंत टिकतं.

वायरची गोष्ट थोडी लांबवतो, कारण आगी तिथेच लागतात. फोर्डने डिसेंबर २०१८ मध्ये सुमारे ८ लाख ७४ हजार पिकअप ट्रक परत बोलावले, ते ब्लॉक हीटरच्या वायरच्या जोडात पाणी आणि घाण शिरून आगीचा धोका होता म्हणून. त्यांतले निम्म्याहून अधिक ट्रक एकट्या कॅनडातले होते. एक्स्टेन्शन वायर घ्यायची ती बाहेरच्या थंडीत मऊ राहणारी, जाड, तीन पिनांची, गरजेपेक्षा लांब नसलेली. गुंडाळी तशीच ठेवून वापरायची नाही, आणि एकीला दुसरी जोडायची तर मुळीच नाही. निघताना आधी प्लग काढायचा. ही सूचना बावळट वाटेल, पण आमच्या गल्लीत दर हिवाळ्यात कुणी ना कुणी सॉकेटसकट निघतं.

रात्रभर प्लग लावून ठेवण्यातही शहाणपण नाही. ४०० वॅटचा हीटर दहा तासांत चार युनिटं खातो, तीन तासांत सव्वाच्या आत. दोन-तीन तासांत इंजिन जेवढं तापायचं तेवढं तापतं; पुढची ऊब अंगणात जाते. कॅनडाचं नैसर्गिक संसाधन खातंही दोन तासांचाच टायमर सुचवतं आणि उणे २० ला हीटरमुळे इंधनाची बचत दहा टक्क्यांपर्यंत होऊ शकते, असं सांगतं. टायमर मात्र बाहेर वापरायचाच घ्यावा.

टायमरची खरी किंमत शनिवार, १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी कळली. एडमंटन उणे ४० कडे झुकलेलं असताना अल्बर्टा प्रांतातल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले. वीज कमी पडतेय, आळीपाळीने भारनियमन करावं लागेल, तेव्हा अनावश्यक दिवे घालवा, ब्लॉक हीटर लावणं पुढे ढकला, असा सरकारी इशारा होता. भारनियमन हा शब्द महाराष्ट्रातल्या माणसाला नवा नाही, पण इथे तो ऐकून काकाही चाट पडले. लोकांनी बटणं बंद केली, काही मिनिटांत मागणी सुमारे २०० मेगावॅटने उतरली आणि अंधार टळला. आमचा टायमर पहाटे चारचा होता. त्याला त्या संध्याकाळी काही करावंच लागलं नाही.

ज्यांचा यंदा इथे पहिला हिवाळा आहे, त्यांना एकच विनंती. पानं गळत असतानाच, ऑक्टोबरात, हीटर तपासून घ्या. कॅनडातली वीज १२० व्होल्टची, त्यामुळे ४०० वॅटच्या धडधाकट हीटरचा रोध ३६ ओहमच्या आसपास यायला हवा. आकडा आलाच नाही, तर कॉइल किंवा वायर तुटलेली. पिनांवर हिरवट गंज असेल तर आधी वायर बदलून बघा, ती स्वस्त पडते. मीटर नसेल तर थंड इंजिनाला प्लग लावून पाच मिनिटांनी बॉनेटखाली कान द्या. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा बारीक चर्र आवाज पुष्कळदा ऐकू येतो. भाड्याच्या घराच्या पार्किंगमध्ये खांबावर सॉकेट आहे म्हणजे त्याला वीज आहे, असंही धरून चालू नका. दिवा लावून बघा. काही ठिकाणी वीज वाचवायला ती आलटून-पालटून सोडतात.

गेल्या रविवारी काकांचाच मीटर मागून आणला. आकडा आला ३७.