आवाज येतो, पण अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे का?

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी ध्वनियंत्रणा तपासण्याचे काम बहुधा एखाद्या हौशी विद्यार्थ्याकडे येते. स्पीकर जोडला, आवाज आला, की तपासणी झाली असे आपण मानतो. परंतु आवाज येणे आणि अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष असणे या भिन्न गोष्टी आहेत. हा भेद साध्या मल्टिमीटरने उमगतो. ८ ओहमचा स्पीकर थेट जोडता येणाऱ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचे उदाहरण घेऊ.

पहिले मोजमाप स्पीकर न जोडता करावे. आवाजाची कळ शून्यावर ठेवून मल्टिमीटर दिष्ट व्होल्टतेवर लावावा आणि स्पीकरच्या दोन्ही अग्रांमध्ये मोजावे. काही मिलिव्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे. परंतु काही व्होल्ट दिसल्यास आतील भाग बिघडला आहे असे समजावे. अशा वेळी स्पीकर जोडल्यास त्याची कॉइल जळू शकते.

दुसरे मोजमाप प्रत्यावर्ती व्होल्टतेचे. स्पीकरच्या जागी पूर्ण शक्ती सोसणारा ८ ओहमचा रोध जोडावा. तो तापतो, म्हणून त्याला हात लावू नये. मोबाइलवरून १०० हर्ट्झचा अखंड स्वर द्यावा. गाणे लावू नये. गाण्याची व्होल्टता क्षणोक्षणी बदलते, आणि साधे मीटर तर नियमित साइन तरंगासाठीच आखलेले असते. शिवाय ते घरगुती विजेच्या ५० हर्ट्झच्या आसपास विश्वसनीय असते. उंच स्वरांना पुष्कळ मीटर प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवतात.

आता आवाज हळूहळू वाढवावा. समजा, स्वर स्वच्छ असताना मीटरने २० व्होल्ट दाखवले. व्होल्टतेच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते : ४०० भागिले ८, म्हणजे ५० वॉट. मोबाइलमधून येणारी व्होल्टता दुप्पट झाली तर येथील आकडाही दुप्पट झाला पाहिजे. तो मागे पडू लागला, तर अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा आली आणि तरंगाची शिखरे कापली जात आहेत, असे जाणावे.

खोक्यावर कित्येकदा शेकडो वॉट छापलेले असतात. तो आकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. सभागृहासाठी यंत्रणा घेताना छापील आकड्यापेक्षा आपण मोजलेल्या ५० वॉटांवर विसंबावे. मात्र १०० व्होल्टच्या लाइनवर चालणाऱ्या सभागृहातील अ‍ॅम्प्लिफायरच्या उघड्या अग्रांचा विजेचा धक्का बसू शकतो. तेथे विद्यार्थ्याने एकट्याने प्रयोग करू नये. जाणकार शिक्षक सोबत असावेत.