तार दिसण्याआधी



मोटारीचा टायर कधी बदलायचा हे तीन गोष्टींवर ठरते: नक्षी किती उरली, टायरचे वय किती झाले आणि त्याला इजा कुठे झाली आहे. तिघींपैकी एकीने जरी नकार दिला तरी टायर उतरवावा लागतो, मग बाकीच्या दोन कितीही चांगल्या असोत. लोकांच्या तोंडी मात्र चौथेच माप असते, किलोमीटरचे, आणि निर्णयाला तेच सर्वांत कमी उपयोगी पडते. एकाच कंपनीचा, एकाच मापाचा टायर एका गाडीवर साठ हजार जातो आणि दुसरीवर तीस हजारांत गोटा होतो. हवा, अलाइनमेंट, रस्ता आणि ब्रेकवरचा पाय यांचा तो हिशेब असतो. म्हणून टायरवाल्याचे ‘अजून पाच हजार आरामात जातील’ हे वाक्य ऐकून घ्यावे, पण त्यावर निर्णय घेऊ नये. तो टायर किती चालेल ते सांगत असतो. ओल्या रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल हा प्रश्न वेगळा आहे.

छोट्या गाडीचे वजन हजार किलो धरले तर प्रत्येक चाकावर सरासरी अडीचशे किलो येतात. टायरमध्ये 33 पीएसआय हवा आहे म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलोचा दाब आहे. भागाकार केला की टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम 110 चौरस सेंटिमीटर निघतो, म्हणजे साधारण तळहाताएवढा. अशा चार तळहातांवर गाडी वळते आणि थांबते.

कोरड्या रस्त्यावर या तळहाताला नक्षीची गरज नसते. पकड रबराची असते, खाचांची नव्हे. शर्यतीच्या गाड्या कोरड्यात बिननक्षीच्या टायरांवर धावतात त्या याच कारणाने. झिजलेला टायर कोरड्या डांबरावर नव्याइतकाच, कधी कधी काकणभर जास्तच, धरून चालतो. सगळी फसगत इथे आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत गोटा टायर कसलीही तक्रार करत नाही, आणि गाडी छान चालते आहे असे मालकाला मनापासून वाटत राहते. पहिला जोराचा पाऊस पडला की हिशेब उलटतो. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे, टायरची रुंदी साडेअठरा सेंटिमीटर आहे आणि वेग ताशी 80 किलोमीटर आहे असे धरले, तर एका टायरला दर सेकंदाला सुमारे बारा लिटर पाणी वाटेतून दूर करावे लागते. ही झाली सेकंदाला एक बादली, तीही एका चाकाची. काही पाणी टायर पुढे-बाजूला ढकलतो आणि उरलेले खाचांमध्ये जाऊन मागे फेकले जाते. खाचाच उरल्या नसतील तर पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि रबर रस्त्यावरून उचलले जाते. स्टिअरिंग एकदम हलके लागते. त्या क्षणी ब्रेक दाबून उपयोग नसतो, कारण चाकाखाली रस्ताच नसतो.

कायद्याने घातलेली मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 94 ने मोटारींसाठी ती ठरवली आहे. दुचाकी आणि तीनचाकींसाठी 0.8 मिलिमीटर आहे. ही मर्यादा टायरमध्येच घडवलेली असते. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे सापडतात. तिथून सरळ आत, मुख्य खाचेच्या तळाशी, रबराचा एक आडवा उंचवटा असतो. भोवतालची नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. ‘तार दिसेपर्यंत चालवायचा’ म्हणणारे लोक त्यापुढेही वापरत राहतात. पण तार दिसते तेव्हा वरचे रबर पूर्ण संपून आतला पोलादी पट्टा उघडा पडलेला असतो. ती टायर बदलण्याची खूण नाही. टायर बऱ्याच आधी बदलायला हवा होता याचा पुरावा आहे.

मात्र 1.6 हा कायद्याचा तळ आहे, पावसाळ्याचा नाही. नवा टायर साधारण आठ मिलिमीटर नक्षी घेऊन येतो. तीनच्या खाली गेला की ओल्यातली पकड भराभर उतरते, म्हणून बरेच जाणकार तीनलाच बदलायला सांगतात. सह्याद्रीच्या आसपास गाडी चालवणाऱ्याने तीनचाच आकडा धरावा. जूनमध्ये ताम्हिणीतून कोकणात उतरायचे असेल तर त्याला पर्याय नाही. यात पैसे वाया जातात अशी समजूत आहे, ती एकदा कागदावर तपासून पाहावी. आठपासून 1.6 पर्यंत वापरण्याजोगी नक्षी 6.4 मिलिमीटर असते. टायर 50,000 किलोमीटर चालतो असे धरले तर एका मिलिमीटरला साधारण 7,800 किलोमीटर पडतात. तीनला बदलल्याने 1.4 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 11,000 किलोमीटर सोडून द्यावे लागतात. पाच हजारांच्या टायरमागे ही रक्कम अकराशे रुपये होते आणि चार टायरांची मिळून साडेचार हजारांच्या आत राहते. पुढच्या गाडीला मागून टेकल्यावर बंपर आणि दिव्याचे बिल याहून मोठे येते, माणसांचे तर सोडाच.

मोजायला ट्रेड डेप्थ गेज नावाची पट्टी मिळते. दोन-तीनशे रुपयांची असते आणि तिला शिकवणी लागत नाही. मोजताना आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागा घ्याव्यात, शिवाय चाकाच्या घेरात दोन-तीन ठिकाणी. बाहेरून दिसणारी कड बघून ‘टायर चांगले आहेत’ म्हणणे ही नेहमीची चूक, कारण टायर बहुधा आतून खाल्लेला असतो. पुढची चाके पाहायला स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवावे. मागच्यांसाठी वाकून टॉर्च मारावा लागतो. सर्वांत कमी खोली जिथे सापडेल तोच टायरचा आकडा. सरासरी काढू नये.

झीज वाचता आली तर टायर गाडीबद्दलही बोलतो. मध्येच झिजला असेल तर हवा जास्त होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे. नक्षीवरून तळहात आडवा फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला तर तेही अलाइनमेंटचेच लक्षण. घेरात ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक अब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे बघावे. मूळ दोष न काढता नवे टायर चढवले की सहा महिन्यांत नवेही तसेच होतात, आणि मग दोष कंपनीला दिला जातो.

वयाचा प्रश्न जुनी गाडी घेणाऱ्यापुढे हमखास उभा राहतो. ‘गाडी फक्त वीस हजार चाललेली, एकहाती, टायरही ओरिजिनल’ ही जाहिरात ऐकायला गोड लागते. गाडी नऊ वर्षांची असेल तर टायरही नऊ वर्षांचे आहेत हा तिचा दुसरा अर्थ. रबर वापराने झिजते तसे न वापरताही म्हातारे होते. ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन त्याला हळूहळू कडक करतात. त्यांना अडवण्यासाठी रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, पण ती पृष्ठभागावर येण्यासाठी टायर फिरत, दबत राहावा लागतो. म्हणून सोसायटीच्या आवारात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टायरांना तडे लवकर जातात, नक्षी भरपूर असूनही.

वय वाचायला अवघड नाही. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कधी हे आकडे एकाच बाजूला छापलेले असतात आणि ती बाजू नेमकी आत असते. मग गाडीखाली डोके घालावे लागते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनी, दिसायला कसाही असो, टायर बाद, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. काही मोटार कंपन्या सहाच वर्षे सांगतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात राहिलेल्या गाडीला सहाचाच आकडा योग्य. डिकीतली स्टेपनी यातून सुटत नाही. ती एकदाही जमिनीला लागलेली नसते, म्हणून नवी समजली जाते. वयाने ती चौघांइतकीच असते.

उन्हाचा आणि वेगाचा संबंध समृद्धी महामार्गाने महाराष्ट्राला नव्याने दाखवला. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, मोटारींना ताशी 120 ची मुभा आणि मध्ये थांबायला भाग पाडणारे काही नाही. 185/65 आर 15 मापाच्या टायरचा घेर सुमारे 1.95 मीटर असतो. म्हणजे 120 च्या वेगात त्याचा प्रत्येक भाग मिनिटाला हजाराहून जास्त वेळा दबतो आणि सुटतो, आणि प्रत्येक दबण्यातून उष्णता निघते. गावात वीस मिनिटे चालणाऱ्या जुन्या टायरला हे कधी सोसावेच लागलेले नसते. या रस्त्याच्या प्रवेशावर परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, त्या उगाच नव्हे. ‘उन्हाळ्यात हवा कमी भरावी, नाहीतर टायर फुटतो’ ही समजूत तर सरळ उलटी आहे. हवा कमी की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. कंपनीने ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेली हवाच भरावी, तीही टायर थंड असताना. बराच वेळ कमी हवेवर पळालेला टायर बाहेरून धड दिसला तरी आतून कुटला गेलेला असू शकतो. तो रिमवरून उतरवून आत रबराचा भुगा सांडला आहे का हे पाहिल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

इजांपैकी एकीला मुदतच नसते. खड्ड्यात चाक आदळल्यावर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला तर आतले धागे तुटलेले असतात आणि हवा फक्त वरच्या रबराने अडवलेली असते. असा टायर त्याच दिवशी उतरवावा, मग तो महिन्याभरापूर्वीचा का असेना. बाजूच्या भिंतीतले पंक्चरही काढायचे नसते. चालताना ती भिंत सतत वाकते आणि ठिगळ तिथे टिकत नाही. नक्षीच्या भागातले खिळ्याचे भोक साधारण सहा मिलिमीटरपर्यंत दुरुस्त होते. बाहेरून स्ट्रिप कोंबणे ही घरी पोहोचण्यापुरती सोय. टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावणे ही खरी दुरुस्ती.

जुन्या बाजारात ‘सेकंड टायर’ चकाकत मांडलेले असतात. त्यातल्या काहींची नक्षी गरम कटरने पुन्हा कोरलेली असते. खाच खोल दिसते, पण ती पोलादी पट्ट्याच्या वरच्या पातळ थरात उतरलेली असते. झीजखुणेचा उंचवटाच गायब असेल किंवा मधूनच कापलेला दिसला तर ओळखावे. पुनःस्तरणाची गोष्ट निराळी. ट्रक-बसचे टायर त्यासाठीच मजबूत बांधलेले असतात, आणि एसटी महामंडळ तर स्वतःच्या केंद्रांत टायरांवर नवा थर चढवून घेते. मोटारीच्या टायरला मात्र तो उद्योग करू नये.

चारही एकदम बदलणे खिशाला जमले नाही तर निदान एका आसाची जोडी बदलावी. ही जोडी कुठे बसवायची यावर दुकानात वाद होतो. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते म्हणून नवे टायर पुढे, असे फिटर ठामपणे सांगतो. टायर कंपन्या मात्र नवी जोडी मागे लावायला सांगतात, आणि कारण पक्के आहे. ओल्या वळणावर पुढची चाके सरकली तर गाडी सरळ जाऊ पाहते; पाय उचलला, वेग उतरला की बहुधा ती पुन्हा स्टिअरिंगचे ऐकते. मागची चाके सरकली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ती सावरणे सराईत चालकालाही अवघड जाते. तेव्हा चांगली उरलेली जुनी जोडी पुढे आणि नवी मागे हेच धरून बसावे, फिटरने मान हलवली तरी.

खरेदी करताना माप गाडीच्या पुस्तिकेतलेच घ्यावे. मापापुढचा 88 एच यासारखा आकडाही बघावा: 88 म्हणजे त्या टायरला 560 किलो भार सोसतो आणि एच म्हणजे ताशी 210 पर्यंतचा वेग. मूळपेक्षा कमी काही घेऊ नये. तारीख पैसे देण्याआधी वाचावी. नीट ठेवलेला सहा-आठ महिन्यांपूर्वीचा टायर चालतो. तीन वर्षे गोदामात पडलेला सवलतीत मिळाला तरी आयुष्याची तीन वर्षे त्याने तिथेच घालवलेली असतात. नायट्रोजन भरण्याचा आग्रह होईल, त्याला हसून नाही म्हणावे, कारण साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा तुळतुळीत थर काही काळ राहतो. म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर अचानक ब्रेक आणि जोराची वळणे टाळावीत. टायर बदलायचे तर मेमध्ये बदलावेत, म्हणजे पाऊस येईपर्यंत हा थर निघून गेलेला असतो.

— मामा