वृद्ध व दिव्यांग यात्रेकरूंचा निवास आणि अग्निसुरक्षा

तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकांत वयोवृद्धांची संख्या मोठी असते. काठीच्या किंवा चाकाच्या खुर्चीच्या आधाराने, अनेक व्याधी सोसत ही मंडळी देवदर्शनाच्या ओढीने येतात व भक्तनिवासात अथवा गावातील लॉजमध्ये उतरतात. खोली घेताना गरम पाणी, स्वच्छता व मंदिराचे अंतर यांची चौकशी आवर्जून होते. परंतु रात्री आग लागल्यास आजी-आजोबा बाहेर कसे पडतील, याचा विचार क्वचितच होतो.

धुराचा धोका

आगीत ज्वाळांइतकाच, किंबहुना अधिक, धूर घातक ठरतो. दिल्लीच्या करोल बाग भागातील एका हॉटेलला १२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे लागलेल्या आगीत १७ जणांचा अंत झाला. त्यांतील बहुतेक जण धुराने गुदमरले होते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग वा वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो बेशुद्ध करू शकतो. तप्त धूर जिन्यावाटे वर चढतो व वरचे मजले व्यापतो. आगीच्या वेळी वीज बंद पडून लिफ्ट मध्येच अडकण्याची भीती असते, म्हणून तिचा वापर वर्ज्य आहे. जिना उतरू न शकणाऱ्या व्यक्तीची एकमेव सोय अशा रीतीने ऐन वेळी नाहीशी होते.

खोली घेताना

१. नोंदणी करतानाच तळमजल्यावरील खोली मागावी.
२. सोबतच्या व्यक्तीस चालता, पाहता वा ऐकता येत नसल्यास कार्यालयास तसे सांगावे. रात्रीच्या पहारेकऱ्यासही खोली क्रमांक कळवावा.
३. बाहेर पडण्याचे दोन मार्ग पाहून ठेवावेत. खोलीपासून जिन्यापर्यंतची दारे मोजावीत. धुरात चाचपडत जाताना ही मोजणी उपयोगी पडते.
४. काठी, चष्मा, श्रवणयंत्र, विजेरी व मोबाइल उशाशी ठेवावेत.
५. खोलीत समई, उदबत्ती वा कापूर पेटवू नये. नित्यपूजेचा नेम मंदिरात पूर्ण करावा.

बाहेरून कुलूप नको

घरातील तरुण मंडळी पहाटे काकड आरतीस जातात किंवा दर्शनरांगेत तासन्‌तास उभी राहतात. थकलेले वडीलधारे खोलीत विश्रांती घेतात. त्यांची झोपमोड होऊ नये, या काळजीपोटी पुष्कळदा दाराला बाहेरून कुलूप लावले जाते. ही काळजीच घातक ठरू शकते. आतील व्यक्तीस दार उघडता येत नाही. आणि बाहेरचे कुलूप पाहून खोली रिकामी आहे, असे समजून मदतीस आलेले लोक पुढे निघून जातात. म्हणून दार आतून उघडता येईल असेच ठेवावे, दुसरी किल्ली कार्यालयात द्यावी आणि खोलीत कोण आहे ते सांगूनच दर्शनास जावे. शक्य असल्यास आळीपाळीने एकाने सोबत थांबावे.

आग लागल्यास

दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागील बाजूने स्पर्श करून पाहावे. दार गार व मार्ग मोकळा असल्यास त्वरित बाहेर पडावे. सामानासाठी थांबू नये. चालू न शकणाऱ्यास भक्कम खुर्चीवर बसवून एकाने पाठीकडून व एकाने पायांकडून उचलावे. दार तापलेले असल्यास अथवा बाहेर धूर असल्यास दार बंदच ठेवावे, फटीत ओले पंचे वा साडी खुपसावी आणि खिडकीतून पांढरे वस्त्र हलवावे. १०१ अथवा ११२ या क्रमांकावर इमारतीचे नाव, मजला, खोली क्रमांक आणि ‘येथील व्यक्ती चालू शकत नाही’ हे स्पष्ट सांगावे.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार इमारतीतील अग्निशमन साधने सुस्थितीत ठेवणे हे मालक व भोगवटादार यांचे कर्तव्य आहे. त्याविषयी विचारणा करण्यात यात्रेकरूंनी संकोच बाळगू नये.

वडीलधाऱ्यांना देवाच्या दारी आणणे हे पुण्यकर्म आहे. त्यांना सुखरूप घरी परत नेल्यावरच ते पूर्ण होते.