मोजमापाची शिस्त: पीककापणी प्रयोग, नियंत्रण आलेख आणि विस्तारकार्य

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरीप हंगामापासून देशात लागू झाली. या योजनेत मुख्य पिकासाठी ग्रामपंचायत हा विमा घटक असेल, तर त्या घटकाचे हेक्टरी उत्पादन सामान्यतः चार पीककापणी प्रयोगांवरून काढले जाते. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीम स्तराने गुणून उंबरठा उत्पादन निश्चित होते आणि प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या खाली गेले तरच भरपाई मिळते. अलीकडे काही पिकांसाठी उपग्रहाधारित अंदाजही याला जोडला जात आहे. तथापि शेतात दोरी लावून केलेल्या मोजणीचे महत्त्व त्यामुळे संपलेले नाही. चार तुकड्यांतील धान्याच्या वजनावर शेकडो कुटुंबांचा हक्क अवलंबून असतो. म्हणूनच ‘आकडा कसा घेतला’ हा प्रश्न ‘आकडा किती आला’ या प्रश्नाच्या आधी विचारावा लागतो. गुणवत्ता व्यवस्थापन या शास्त्राचा आरंभ येथूनच होतो.

दोरीच्या कडेवरील रोपे

पीककापणीसाठी ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद असा तुकडा अनेक राज्यांत वापरतात. कडेवरील रोप आत धरावे की बाहेर, याचा निर्णय करताना मनुष्यस्वभाव ‘आत’ म्हणण्याकडे झुकतो. समजा, चारही बाजूंनी ५ सेंटिमीटरची पट्टी अनवधानाने आत धरली गेली. मग तुकडा प्रत्यक्षात ५.१ मीटर बाय ५.१ मीटर, म्हणजे २६.०१ चौरस मीटर होतो आणि उत्पादन सुमारे ४ टक्के फुगते. हीच चूक १ मीटर बाय १ मीटरच्या तुकड्यात झाली, तर १ ऐवजी १.२१ चौरस मीटर क्षेत्र कापले जाते. उत्पादन २१ टक्क्यांनी वाढून दिसते. चूक तेवढीच, पण तुकडा लहान असल्याने तिचा परिणाम पाचपट झाला, कारण लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडेची लांबी जास्त असते.

चाळीसच्या दशकात भारतीय संख्याशास्त्रात याच प्रश्नावर गंभीर वाद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या व पुढे भाताच्या सर्वेक्षणांत लहान तुकड्यांची पद्धत रूढ केली होती. काम जलद व कमी खर्चात होई आणि थोड्या वेळात पुष्कळ ठिकाणांची माहिती मिळे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्या काळी भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्रीय कार्याची धुरा वाहत होते. अतिशय लहान तुकड्यांमुळे उत्पादनाचा अंदाज वाढीव येतो, हे त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांच्या आधारे मांडले. पुढे सुखात्मे व वि. गो. पानसे यांनी मिळून कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्याच ग्रंथावर शिकल्या आहेत.

या वादातून एक भेद स्पष्ट होतो. नमुना योगायोगाने चांगल्या किंवा वाईट जागी पडल्याने येणारा फरक प्रयोगांची संख्या वाढविली की कमी होतो. एका ठिकाणची अधिक दुसऱ्या ठिकाणच्या उणेने भरून निघते. कडेची चूक मात्र नेहमी एकाच दिशेने होते. चाराऐवजी चारशे प्रयोग केले तरी ती तशीच राहते, उलट आकडा अधिक खात्रीचा वाटू लागतो. विम्याच्या संदर्भात यात आणखी एक बारकावा आहे. तीच चूक दरवर्षी तितकीच होत असेल, तर उंबरठा उत्पादनही तेवढेच फुगलेले असते आणि हानी मर्यादित राहते. खरा घात होतो तो चूक बदलली की: जुना कर्मचारी काटेकोर, नवा सैल, वजनकाटा बदललेला, ओलाव्याची घट एका वर्षी धरलेली व दुसऱ्या वर्षी विसरलेली. त्यामुळे प्रशिक्षणात सूत्रे पाठ करून घेण्यापेक्षा दोन कर्मचाऱ्यांकडून शेजारशेजारचे तुकडे कापून घेऊन त्यांच्या निकालांतील तफावत समोर ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते. उद्योगात मापन-यंत्रणेची तपासणी म्हणतात ती हीच.

कारखान्यातून आलेला, पण कृषी खात्यात रुजलेला आलेख

गुणवत्ता नियंत्रणाचे शास्त्र कारखान्यांचे असून शेतीने ते उसने घेतले, असा समज आढळतो. इतिहास थोडा वेगळा आहे. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या दूरध्वनी उपकरणांच्या कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ च्या मे महिन्यात पहिला नियंत्रण आलेख मांडला. त्याच सुमारास इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर शेतातील प्रयोगांच्या आकड्यांतून प्रायोगिक आराखड्याचे शास्त्र घडवीत होते. हे दोन प्रवाह जेथे जवळ आले, ते ठिकाण होते अमेरिकेच्या कृषी खात्याची पदव्युत्तर शाळा. त्या खात्यात १९२७ पासून काम करणारे एडवर्ड्स डेमिंग यांनी शूहार्ट यांना १९३८ मध्ये तेथे व्याख्यानांसाठी बोलावले आणि ती व्याख्याने १९३९ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. जपानी उद्योगांनी १९५० मध्ये ज्यांच्याकडून गुणवत्तेचे धडे घेतले, ते डेमिंग हेच. भारतात महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये येऊन गेले आणि त्यानंतर भारतीय सांख्यिकी संस्थेने उद्योगांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचे कार्य उभारले.

शूहार्ट यांचे मूळ प्रतिपादन साधे आहे. कोणतीही क्रिया दोनदा केली की निकाल तंतोतंत सारखा येत नाही. चढउतारांचे दोन प्रकार असतात. एक, त्या पद्धतीतच मुरलेला, अनेक लहान कारणांचा एकत्रित चढउतार. दुसरा, बाहेरून आलेल्या एखाद्या विशेष कारणाचा. पहिल्याला दुसरा समजून धावाधाव केली तर काम बिघडते; दुसऱ्याला पहिला समजून दुर्लक्ष केले तर नुकसान वाढते. या दोहोंतील सीमारेषा अंदाजाने न आखता आकड्यांवरून आखणे, एवढेच नियंत्रण आलेखाचे काम आहे.

दुधाच्या फॅटचे उदाहरण

एखाद्या गायींच्या गोठ्यातील सकाळच्या दुधाचे दहा दिवसांचे फॅट असे आले, असे मानू: ४.०, ४.१, ३.९, ४.०, ४.२, ४.१, ३.९, ४.०, ४.१ आणि ३.९ टक्के. सरासरी ४.०२. आता लगतच्या दोन दिवसांतील फरक काढावेत, अधिक-उणे चिन्ह सोडून: ०.१, ०.२, ०.१, ०.२, ०.१, ०.२, ०.१, ०.१, ०.२. या नऊ फरकांची सरासरी सुमारे ०.१४४ येते. तिला २.६६ ने गुणले की ०.३८ मिळते. २.६६ हा ठरावीक गुणक असून त्यामुळे सरासरीच्या दोन्ही बाजूंस तीन प्रमाण विचलनांइतके अंतर सुटते. सरासरीत ०.३८ मिळविल्यास वरची नियंत्रण मर्यादा ४.४० आणि वजा केल्यास खालची ३.६४ येते. दहा नोंदी केवळ रीत दाखविण्यापुरत्या आहेत. प्रत्यक्षात वीस-पंचवीस नोंदींवर मर्यादा बेताव्यात.

अकराव्या दिवशी फॅट ३.८ आले, तर काय करावे? काहीही करू नये. तो त्या गोठ्याचा स्वाभाविक चढउतार आहे. त्या दिवशी पेंड बदलणे, धार काढणाऱ्याला बोल लावणे, संकलन केंद्रावर जाऊन वाद घालणे, हे सारे निष्फळ ठरेल. दुसऱ्या दिवशी फॅट ४.१ झाले की पेंड बदलल्याचा गुण आला, असा चुकीचा निष्कर्षही पक्का होईल. परंतु फॅट ३.५ आले, तर शोध घेतलाच पाहिजे. शेवटची धार वासराला सुटली का, हे आधी पाहावे, कारण शेवटच्या धारेत फॅट सर्वाधिक असते. वैरण एकाएकी घटून खुराक वाढला का, नमुना घेण्यापूर्वी कॅनमधील दूध नीट ढवळले होते का, केंद्रावरील यंत्र स्वच्छ व प्रमाणित आहे का, हेही तपासावे. मर्यादेच्या आत असूनही सलग आठ नोंदी सरासरीच्या एकाच बाजूस पडल्या, तर तोही इशाराच समजावा. काहीतरी हळूहळू सरकले आहे.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. नियंत्रण मर्यादा ही गोठ्याने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे, तर दरपत्रकातील मूलभूत फॅट ही खरेदीदाराने घातलेली अट. दरासाठी ३.५ फॅट आधार धरला आणि एखाद्या गोठ्याची सरासरी ३.५५ असून चढउतार वरच्याइतकाच असेल, तर त्याचे फॅट ३.१७ ते ३.९३ या दरम्यान फिरत राहील. असा गोठा पूर्णपणे नियंत्रणात असेल, तरीही कितीतरी दिवस त्याला दर कमी मिळेल. त्या प्रत्येक दिवसाचे वेगळे कारण शोधणे व्यर्थ आहे, कारण वेगळे कारण नाहीच. तेथे सरासरीच वर न्यावी लागते, म्हणजे वैरण व खुराकाचे प्रमाण, जनावरांची निवड, आरोग्य यांत बदल करावा लागतो. हा निर्णय धार काढणाऱ्या मजुराचा नसून गोठ्याच्या मालकाचा आहे. डेमिंग यांनी उद्योगपतींना आयुष्यभर हेच ऐकविले: बहुतेक दोष पद्धतीचे असतात आणि पद्धत बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे असतो.

शेवटच्या तपासणीवर विसंबण्याची किंमत

निर्यातक्षम द्राक्षांनी हा धडा महाग दराने घेतला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही मागोवा घेण्याची यंत्रणा सुरू केली. बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, काढणीपूर्व नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस आणि प्रमाणपत्र अशी साखळी तीत बांधली गेली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा तिचा शास्त्रीय आधार होती. तरीही २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपच्या ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलो या मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि माल अडकला. हे रसायन वेलीची वाढ आवरण्यासाठी काढणीच्या कितीतरी आधी वापरले जाई आणि ज्या घटकांची तपासणी होत होती, त्या यादीत ते नव्हते. प्रयोगशाळेने आपले काम चोख केले होते. जे विचारले नव्हते, त्याचे उत्तर ती देऊ शकत नव्हती.

यादी पुढे वाढली, ते आवश्यकच होते. परंतु तपासणीने द्राक्षातील अंश कमी होत नाही, ते केवळ उघडकीस येतात. बागेतील फवारणीची वही त्याच दिवशी, खऱ्या मात्रेसह भरली गेली असेल तरच कोणता अंश शोधावा, हे प्रयोगशाळेला आधी कळते. अनेक ठिकाणी ही वही निर्यातदाराच्या मागणीवरून हंगामाअखेर एका बैठकीत ‘पूर्ण’ केली जाते. अशी वही नसलेली बरी, कारण ती खोटा विश्वास निर्माण करते.

प्रशिक्षण वर्गांची गुणवत्ता

पाँडिचेरी येथे १९७४ मध्ये पहिले कृषी विज्ञान केंद्र स्थापन झाले, तेव्हापासून शेतकरी प्रशिक्षणाचा विस्तार प्रचंड झाला आहे. मात्र बहुतेक अहवालांत उपस्थितांची संख्या असते, कोणी काय शिकले याची नोंद नसते. फॅटची बेरीज न करता केवळ लिटर मोजण्यासारखेच हे आहे.

शेतीशाळेच्या पद्धतीत यावर चांगला उपाय आहे. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातशेतीत सुरू झालेल्या शेतीशाळांत मतपेटी चाचणी घेतली जाते. शेतातच खऱ्या रोपावर, खऱ्या किडीपाशी प्रश्न लावलेला असतो आणि शेतकरी आपली चिठ्ठी योग्य वाटणाऱ्या उत्तराच्या पेटीत टाकतो. वर्गाच्या आरंभी व शेवटी ही चाचणी घेऊन सरासरी गुण वाढले, एवढेच लिहिले तर अर्धी माहिती वाया जाते. प्रत्येक प्रश्न वेगळा पाहावा. तीस शेतकऱ्यांपैकी सव्वीस जणांनी अळी ओळखली, पण केवळ नऊ जणांना मित्रकीटक ओळखता आला, असे दिसले तर दोष शेतकऱ्यांच्या बुद्धीचा नसून पाठाचा आहे. पुढील बैठकीत तो पाठ बदलून घ्यावा. सर्वांनीच आरंभीही बरोबर दिलेला प्रश्न काढून टाकावा, त्यातून काही कळत नाही.

गावांची क्रमवारी लावतानाही जपावे. सर्वांत मागे राहिलेल्या गावाला विशेष मार्गदर्शन दिले आणि पुढील वर्षी ते वर आले, की मार्गदर्शनाचा विजय जाहीर होतो. परंतु टोकाच्या निकालानंतरचा निकाल सरासरीकडे परततो, हा चढउताराचा स्वभाव आहे. एरवीही ते गाव काहीसे वर आलेच असते. त्याच न्यायाने गतवर्षी पहिल्या आलेल्या गावाची घसरण म्हणजे तेथील कृषी सहायकाचा आळस नव्हे. मार्गदर्शनाचा खरा परिणाम पाहायचा, तर मागे राहिलेल्या गावांपैकी काहींची निवड चिठ्ठ्या टाकून करावी, त्यांना मार्गदर्शन आधी द्यावे, उरलेल्यांना पुढील हंगामात द्यावे आणि दोन्ही गटांची तुलना करावी. फिशर यांनी रॉथॅमस्टेडच्या वाफ्यांत चिठ्ठ्यांचे हेच तत्त्व वापरले होते, आणि त्यासाठी संगणकाची गरज पडत नाही. तालुका पातळीवर एक चौकटीची वही, पंचवीस नोंदी आणि त्या भरणाऱ्याला प्रतिकूल आकडा लिहिण्याची मोकळीक, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. यांपैकी शेवटची गोष्ट वरिष्ठांना द्यावी लागते.