हार्ड डिस्कचा बिघाड : निदान आणि दक्षता

ग्रामपंचायतीचे ठराव, शाळेचे निकाल, पाणीपट्टी वसुलीचे तक्ते अशी पुष्कळशी माहिती आज कार्यालयातील संगणकावर ठेवली जाते. हा संगणक कधी अतिशय संथ चालू लागतो, फाइल उघडताना अडकतो किंवा डिस्क सापडत नसल्याचा संदेश देतो. अशा वेळी दोष कोठे आहे, हे क्रमाने तपासणे अगत्याचे असते. संगणक नवा घेता येतो. नष्ट झालेले दप्तर पुन्हा उभे करणे दुष्कर असते.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. माहिती वाचणारे शीर्ष त्यांना स्पर्श न करता, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून फिरते. माहिती ‘सेक्टर’ नावाच्या लहान कप्प्यांत साठविलेली असते. कप्पा खराब झाला, की डिस्क तो पुनःपुन्हा वाचू पाहते; संथपणाचे हे एक कारण होय. मात्र विषाणू, अपुरी स्मृती किंवा सैल केबल यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात.

संशय येताच पहिले काम तपासणीचे नव्हे, तर प्रतीचे होय. महत्त्वाच्या फाइली तत्काळ दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. प्रत होण्यापूर्वी दुरुस्तीचा आदेश चालवू नये. त्याने दुबळ्या डिस्कवरील ताण वाढतो व माहिती गमावण्याचा धोका असतो. डिस्कमधून टकटक किंवा घासल्याचा आवाज येत असल्यास संगणक लगेच बंद करून तज्ज्ञास दाखवावा. डिस्क उघडू नये. धुळीचा कणही तबकडीस घातक ठरतो.

त्यानंतर वीज बंद करून दोन्ही केबली घट्ट बसवाव्यात, शक्य तर बदलून पाहाव्यात. पुढची पायरी ‘स्मार्ट’ नोंदींची. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ही नोंद ठेवते व ‘स्मार्टसीटीएल’ या विनामूल्य साधनाने ती वाचता येते. सामान्यतः क्रमांक ५ खाली बदली केलेले सेक्टर आणि १९७ खाली वाचण्यास अडचण येणारे सेक्टर मोजले जातात. हे आकडे वाढत असल्यास डिस्क बदलावी. केवळ १९९ चा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. ती बदलल्यावर आकडा शून्य होत नाही, वाढायचा थांबतो. अखेरीस डिस्कची दीर्घ स्वयंचाचणी घ्यावी.

तथापि, निर्दोष नोंद म्हणजे हमी नव्हे. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान वगळता, कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणूनच निदानाचे ज्ञान उपयुक्त असले, तरी नियमितपणे काढलेली व अन्यत्र ठेवलेली प्रत हेच दप्तराचे खरे संरक्षण होय.