लक्षाचे मोल

मराठीत 'लक्ष' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक अवधान आणि दुसरा शंभर हजारांची संख्या. हे दोन्ही अर्थ एकाच सौद्यात एकत्र आलेले पाहण्याचा योग आम्हांस आयुष्याच्या उत्तरार्धात, बेळगावच्या रविवार पेठेतील धान्याच्या पेढीवर बसून आला. समाजमाध्यमांवर ज्यांचे लक्षावधी अनुयायी असतात त्या प्रभावकांकडून, म्हणजे ज्यांस सर्रास 'इन्फ्लुएन्सर' म्हणतात त्यांच्याकडून, मालाची जाहिरात करून घ्यावी काय, असा प्रश्न आपले तरुण सभासद वारंवार विचारतात. म्हणून हा विषय व्यापाऱ्याच्या दृष्टीने थोडा पारखून पाहण्याचे योजिले आहे.

प्रथम या व्यवहारात माल कोणता, हे ठरविले पाहिजे. पाहणारास वाटते की, आपण फुकट करमणूक घेत आहो. वस्तुतः विकले जाते ते त्याचे लक्ष. माहितीचा सुकाळ झाला म्हणजे ती ग्रहण करणाऱ्या अवधानाचा दुष्काळ पडतो, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते. दुष्काळात जोंधळ्याच्या भावाचे काय होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. धंदा मात्र अगदी नवा नव्हे. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने 'सन' हे वृत्तपत्र एका सेंटला विकावयास काढले, तेव्हा इतर पत्रांची किंमत सहा सेंट होती. ही तूट जाहिरातींतून भरून निघे. कारण वाचकास तो बातमी विकी आणि जाहिरातदारास वाचक. आज यूट्यूबवर दीर्घ चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के निर्मात्यास मिळतात व ४५ टक्के कंपनी ठेवते. आमच्या अडतीस नावे ठेवणारांनी हा आकडा एकवार पाहावा! ज्याचा माल, त्या प्रेक्षकाच्या पदरी रोख काहीच पडत नाही.

आता मापाविषयी. आपण पोत्यास परखी लावतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, ओल, माती, किडका दाणा पाहतो आणि मगच काट्याकडे वळतो. लक्षाच्या बाजारात काटा विकणाराच्याच घरचा असतो. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबच्या 'शॉर्ट्स'मध्ये चित्रफीत नुसती सुरू झाली की एक 'व्ह्यू' धरला जातो; ती किती वेळ पाहिली याची किमान अट नाही. (निर्मात्याचा मोबदला काढताना मात्र कंपनी याहून कडक मोजणी लावते. यावरून काय ते समजावे.) अमेरिकेत डेव्हुमी नावाची एक कंपनी तर खोटे अनुयायीच विकत असे, २०१९ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. पोत्यात खडे भरणारे तिकडेही आहेत.

याहून गंभीर गोष्ट गुप्त मोबदल्याची. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास तो कळत नसे. नियंत्रित बाजारपेठांनी ती चाल मोडून उघड लिलाव आणले. प्रभावक पैसे घेऊन, पण ते न सांगता, 'मला ही वस्तू फार आवडते' असे म्हणतो तेव्हा तोच रुमाल पुन्हा पसरला जातो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास, तसेच शिफारस करणारासही, दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोबदल्याचा संबंध उघड करणे आवश्यक ठरविले. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सांगितले की, ही घोषणा सहज नजरेत भरेल अशी असावी आणि स्वतः न वापरलेल्या वस्तूची शिफारस करू नये.

या शेवटच्या अटीचे मर्म आम्हांस अनुभवाने कळले. दोन वर्षांपूर्वी आम्ही निवडलेला जोंधळा पाच किलोच्या पिशव्यांत विकावयास आरंभ केला. चिरंजीवांच्या आग्रहाने एका नामांकित युवकास पंचवीस हजार रुपये दिले. चित्रफीत चार लाख वेळा 'पाहिली' गेली. पेढीवर फोन आले नऊ. त्यांतील सहा त्या युवकाचाच नंबर विचारणारे. जोंधळा त्याने हातात धरला होता, खाल्ला नव्हता.

पुढे सूनबाईंनी खानापूर तालुक्यातील एका भगिनींचे नाव सुचविले. त्यांचे प्रेक्षक अवघे नऊ-दहा हजार, बहुतेक आपल्याच भागातील भाकरी थापणाऱ्या स्त्रिया. आम्ही दोन पिशव्या व रक्कम आगाऊ पाठविली. आठ दिवसांनी रक्कम जशीच्या तशी परत आली. सोबत निरोप होता : "दाणा जुना आहे, पिठाला विरी नाही, भाकरी थापताना चिरते. हे घ्या म्हणून मी माझ्या बायकांना कोणत्या तोंडाने सांगू?" आम्हांस राग आला, हे कबूल करतो. वखारीत जाऊन थप्पी उतरविली, तेव्हा गेल्या हंगामातील तीस पोती नव्या मालात मिसळलेली निघाली. ती वेगळी काढून पशुखाद्याच्या भावाने दिली. त्यानंतर नव्या दाण्याची पिशवी त्यांच्याकडे गेली. त्यांनी आरंभीच, ही पैसे घेऊन केलेली जाहिरात आहे, असे स्वच्छ सांगून भाकरी थापून दाखविली. त्या आठवड्यात एकशे दहा पिशव्या गेल्या. त्यांपैकी चाळीसएक घरी आजही दरमहा आमची पिशवी जाते.